बसायचा पाट : तीन कलाकृती आणि एक दस्त

‘नटसम्राट’चा प्रयोग किंवा वाचन संपले, की सभागृहातून बाहेर पडताना बहुतेकांच्या तोंडी एकच निकाल असतो : मुले कृतघ्न निघाली. महाविद्यालयात असताना ग्रंथालयातून आणून हे नाटक आम्ही प्रथम वाचले, तेव्हा आम्हांसही तो निकाल पुरता पटला होता. पुढे राज्य शासनाच्या पंजीयन विभागात नोकरी लागली. महाराष्ट्रात ज्याला दुय्यम निबंधक म्हणतात, त्या उपपंजीयकाच्या खुर्चीवर अनेक वर्षे बसावे लागले. आई-वडिलांनी मुलांना, मावशीने भाच्याला, निपुत्रिक दिराने भावजयीच्या मुलाला लिहून दिलेले असंख्य दस्त नजरेखालून गेले, आणि तो जुना निकाल अपुरा वाटू लागला. देणारा आणि घेणारा यांच्याखेरीज अशा कथेत एक तिसरे पात्र असते, ते म्हणजे कागद. त्यात काय लिहिले होते, काय लिहायचे राहिले आणि का राहिले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो येथे तीन कलाकृतींच्या आधारे विचारून पाहण्याचा आमचा हेतू आहे. त्यांपैकी पहिली हिंदीतील असली, तरी आम्हां माळव्यातील मराठी माणसांना ती परकी नाही. शाळेच्या हिंदी पुस्तकातच ती आमच्यापैकी अनेकांना भेटली.

ती म्हणजे प्रेमचंदांची ‘बूढ़ी काकी’. कथानक थोडके आहे. पती गेला, तरुण मुले गेली, आणि उरला एकटा पुतण्या, पंडित बुद्धिराम. त्याच्या गोड आश्वासनांवर विश्वासून काकीने आपली सारी मालमत्ता त्याच्या नावे करून दिली. त्या मालमत्तेचे उत्पन्न वर्षाला दीड-दोनशे रुपयांहून कमी नव्हते, असे लेखक आकडा देऊन सांगतो. आणि त्याच मालमत्तेच्या मूळ मालकिणीला पोटभर जेवण दुर्मीळ होते. घरात मुलाच्या तिलकाची पंगत असते. पुऱ्यांच्या वासाने व्याकूळ झालेली काकी सरपटत बाहेर येते, आधी सुनेची बोलणी खाते, मग पाहुण्यांदेखत पुतण्या तिला ओढत नेऊन तिच्या खोलीत टाकतो. रात्री धाकटी लाडली आपल्या वाटच्या पुऱ्या बाहुलीच्या पेटीत लपवून तिच्यासाठी आणते. त्याने भूक भागत नाही, तेव्हा काकी उष्ट्या पत्रावळींपाशी जाऊन बसते. तेथे सून रूपा तिला पाहते आणि हादरते.

या कथेच्या करुणेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस लक्ष वेधायचे आहे ते तिच्यातील हिशेबाकडे. काकीच्या दुर्दशेचा दोष पुतण्याचा की सुनेचा, हे ठरवणे सोपे नाही, असे म्हणून प्रेमचंद सुरुवातीलाच न्यायाधीशाचे आसन नाकारतात. बुद्धिराम त्यांच्या मते दुष्ट नाही. तो सज्जन आहे, मात्र आपल्या तिजोरीला झळ पोहोचत नाही तोवरच. दस्ताची नोंदणी करायला येणारे बहुतेक जण असेच असतात. कपटी माणूस फार क्वचित येतो. जो येतो त्याला आईविषयी, काकूविषयी खरोखर माया असते. मात्र ही माया सोसायला रोज किती खर्च येईल आणि किती कष्ट पडतील, याचा हिशेब त्याने केलेला नसतो.

आणखी एक बाब ध्यानी घेण्याजोगी आहे. ही कथा शंभर वर्षांपूर्वीची. त्या काळी पतीच्या मिळकतीवर हिंदू विधवेला केवळ मर्यादित हक्क असे. तिच्या पश्चात ती मिळकत पतीकडच्या वारसाकडे जायची. पूर्ण मालकी तिला मिळाली ती 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. म्हणजे बुद्धिराम जर पतीकडचा जवळचा वारस असेल, तर काकीच्या मृत्यूनंतर ती मिळकत बहुधा त्याच्याचकडे यायची होती. त्याला घाई होती ती काकी जिवंत असतानाच हातात येण्याची. काकीच्या हाती एकच गोष्ट होती, आपल्या हयातीपुरता ताबा, आणि तेवढीच तिने दिली. हे लक्षात घेऊन कथा वाचली, की ती पत्रावळ अधिकच जळजळीत वाटते.

शेवटी रूपाला पश्चात्ताप होतो, ती ताट वाढून आणते आणि काकी सारे विसरून जेवते. पुष्कळांना हा शेवट सुखद वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाही. रूपा घाबरली आहे ती देवाच्या कोपाला. ज्या बाईच्या मालमत्तेचे उत्पन्न आपण खातो तिची ही दशा, हे तिच्या मनात येते खरे, पण मालमत्ता जेथे होती तेथेच राहते. कागद बदलत नाही. उद्या सकाळी देवाची भीती ओसरली, तर काकीपाशी काय उरेल? प्रेमचंदांनी हे शब्दांत सांगितलेले नाही, मात्र आपण अंगणातल्या त्या एका ताटावर समाधान मानून पुस्तक मिटू नये, एवढी सोय त्यांनी करून ठेवली आहे.

आता ‘नटसम्राट’कडे वळू. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक 1970 साली गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले आणि 1974 मध्ये नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी त्याचे नाते सर्वश्रुत आहे. तथापि या दोन नाटकांत एक फरक आहे आणि आमच्या धंद्याच्या नजरेला तो प्रथम दिसतो. लिअरने राज्य वाटताना अटी घातल्या होत्या. राजा हे नाव आपल्याकडे राहील, शंभर सरदार पदरी राहतील आणि दोन्ही मुलींकडे आळीपाळीने एकेक महिना आपला मुक्काम असेल. या अटी भर दरबारात, साक्षीदारांसमक्ष बोलल्या गेल्या. मुलींनी त्या मोडल्या कशा, तेही पाहण्याजोगे आहे. एकदम नाही म्हणून कोणी सांगितले नाही. शंभराचे पन्नास झाले, पन्नासांचे पंचवीस, आणि मग एक तरी कशाला हवा, असा प्रश्न आला. वडिलधाऱ्यांची गरज किती, हे ज्यांनी घेतले तेच ठरवू लागले. दान दिलेल्या घरात खोली, मग खोलीतला कोपरा, मग कोपऱ्यातल्या दिव्याचे बिल, असा प्रवास आम्ही पाहिलेला असल्यामुळे हा प्रवेश आम्हांस राजवाड्यातला वाटतच नाही.

बेलवलकरांनी कोणतीच अट घातली नाही. रंगभूमीचा निरोप घेतलेला हा माणूस मुलगा आणि मुलगी यांच्यात आपली पुंजी वाटून रिकामा होतो, आणि त्या रिकामेपणाला तो मोठेपणा समजतो. समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, ही आपल्याकडची म्हण नाटक पाहिलेल्या कोणालाही आठवावी. लिअरपाशी खरे बोलणारी धाकटी मुलगी होती, विरोध करून हद्दपार झालेला केंट होता, विदूषक होता. बेलवलकरांना तिसरे अपत्य नाही. त्या सगळ्यांचे काम एकट्या कावेरीवर पडते आणि तिचे ऐकले जात नाही. आपल्या घरांतही व्यवहाराची बाजू बहुधा बाईलाच दिसते आणि सही मात्र पुरुष करतो. शिरवाडकरांनी लिअरच्या कथेत केलेली ही सर्वांत मराठी भर आहे, असे आम्हांस वाटते.

अट का घातली नाही, हा नाटकाचा गाभा आहे. बेलवलकर भाबडे आहेत, एवढे उत्तर पुरेसे नाही. आपल्याच माणसाशी करार करणे त्यांना अपमानास्पद वाटते. सगळे आयुष्य टाळ्यांवर जगलेला हा नट मुलांकडेही प्रेक्षकांप्रमाणेच पाहतो. आपण भरभरून द्यायचे, समोरून दाद आपोआप येईल. प्रेक्षकाशी कोणी दादेचा करार करत नाही. मुलाच्या घरी खटके उडू लागतात आणि मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, तेव्हा या माणसाचे खरे दुःख पैशाचे नसते. आपला हा शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रयोग पडला, याचे ते असते.

मात्र याच ठिकाणी नाटकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘नटसम्राट’मधली भाषा जवळजवळ सगळी बेलवलकरांच्या मालकीची आहे. स्वगते त्यांची, उपमा त्यांच्या, टाळ्या त्यांना. सून शारदा किंवा मुलगी नलू यांना आपली बाजू मांडायला त्या तोलाचे एक वाक्यही मिळत नाही. लहान घर, ठरीव पगार, आणि त्यात एक मोठ्या आवाजाचा, सवयी न बदलणारा, नातीच्या शिक्षणात लक्ष घालणारा वृद्ध, या बाजूनेही एक खरे नाटक होते. शिरवाडकरांनी ते चाटून जाऊन सोडून दिले. म्हणूनच सभागृहाबाहेर पडताना निकाल देणे इतके सोपे जाते. एकाच पक्षाचा जबाब झाला असेल, तर कोणताही निकाल सोपाच असतो.

ही उणीव महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने भरून काढली. 1985 साली विजया मेहता यांनी ते रंगमंचावर आणले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांच्यासह त्याचे नाट्यत्रय झाले. येथे दस्तच नाही. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचे तात्याजी काहीही लिहून न ठेवता गेले आहेत. तेराव्याचा खर्च कोणी करायचा, शेताचे काय, सोने कोणाकडे, हे सगळे प्रश्न सुतकातच वर येतात. मुंबईहून आलेला सुधीर आणि गावी राहिलेला भास्कर दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आम्ही येथे राबलो, असे एकाचे म्हणणे. मी कधी काही मागितले नाही, असे दुसऱ्याचे. अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत उभा आहे. आत आंधळी दादी गेलेल्या मुलाची चौकशी करीत पडून आहे. 1956 च्या कायद्याने वडिलांच्या हिश्शात विधवा आईला आणि अविवाहित प्रभालाही वाटा होता. तो वाटा भावांच्या वाट्याइतक्या ठामपणे त्या घरात कोणी बोलत नाही. चंदूसारखा मुकाट राबणारा भाऊ तर कोणाच्या हिशेबातच नसतो. एलकुंचवार कोणालाही खलनायक करत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला निकाल देता येत नाही आणि घरी गेल्यावर आपले घर आठवत राहते. आमच्या मते या विषयावरचे हे आपल्या भाषेतले सर्वांत न्याय्य नाटक आहे. मात्र ‘नटसम्राट’इतके ते लोकांच्या तोंडी नाही, यात आश्चर्य नाही.

तिन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या, की एक आकृती दिसते. काकीने आश्वासनावर लिहून दिले. बेलवलकरांनी आश्वासनही मागितले नाही. तात्याजींनी काहीच लिहिले नाही. तिन्ही घरांत गोष्ट एकच राहून गेली : म्हातारपणाच्या गरजेचा शब्द कोणी उच्चारला नाही.

आपली दस्तांची भाषाही याला साथ देते. महाराष्ट्रात ज्याला बक्षीसपत्र म्हणतात, त्याला आमच्या मध्य प्रदेशात दानपत्र म्हणतात. बक्षीस म्हटले की घेणाऱ्याची काही लायकी सिद्ध झाली असे वाटते. दान म्हटले की देणाऱ्याने मागे वळून पाहायचे नसते, पाहिले तर पुण्य जाते. एकाही शब्दात अटीला जागा नाही. वास्तविक कायद्यात ती आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार स्थावराचे दान नोंदणीकृत दस्ताने, दोन साक्षीदारांसमक्ष व्हावे लागते, आणि झालेले दान केवळ मनात आले म्हणून परत घेता येत नाही. मात्र देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडल्यास दान रद्द होईल, असे दोघांना आधीच ठरवता येते. हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून ठेवता येतो. मृत्युपत्राची गोष्ट तर याहून सोपी, ते हयातीत केव्हाही बदलता येते. इतके मार्ग असताना बहुसंख्य माणसे सरळ, बिनशर्त दानच का करतात, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, बेलवलकरांत सापडते.

2007 साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्याच्या 23 व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत घेऊन नंतर सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाने झाले असे मानून रद्द करवून घेता येते. वाद पुढे अटीवरच आला. ही अट दस्तात असायलाच हवी का? डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात अटीच्या अस्तित्वावर भर दिला. 2 जानेवारी 2025 रोजी आमच्याच राज्यातील छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू ध्यानी घेऊन उदार अर्थ लावला आणि मुलाला दिलेले दान रद्द ठरवले. त्या प्रकरणात दानपत्राच्या वेळचेच एक वचनपत्र होते, आई-वडिलांचा शेवटपर्यंत सांभाळ करीन अशा आशयाचे. प्रेमचंदांच्या काकीला जे तोंडी मिळाले होते, ते शंभर वर्षांनी एका आईला कागदावर मिळाले आणि त्यानेच तिला तारले, असे म्हणता येईल. अर्थात तारले ते घर. मुलाबरोबरचे नाते कोणत्या न्यायालयाने परत दिले असेल?

येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे, नाही तर वरील सारे विवेचन उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे होईल. 2011 साली आमच्या काकूंनी, म्हणजे दिवंगत चुलत्यांच्या पत्नीने, आपले राहते घर धाकट्या पुतण्याच्या नावे करायचे ठरवले. त्यांना अपत्य नव्हते आणि त्या त्याच्याजवळच राहत. आमची नेमणूक तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होती, त्यामुळे नोंदणीशी आमचा संबंध नव्हता. मात्र मसुदा आम्ही करून द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही हयातीपर्यंत खालच्या मजल्यावर राहण्याचे आणि सांभाळाचे कलम लिहून वाचून दाखवले. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, तो रोज सकाळी मला चहा आणून देतो. त्याला हे वाचून काय वाटेल?” ज्याने पंचवीस वर्षे दुसऱ्यांचे दस्त तपासले, त्या आम्हांसही त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर त्या भावासमोर ते कलम वाचण्याचा आम्हांसच संकोच वाटत होता. आम्ही ते खोडले.

काकूंना कोणी उपाशी ठेवले नाही, हात धरून बाहेर काढले नाही. चहा पुढेही येत राहिला. फक्त खालचा मजला भाड्याने गेला आणि त्या वरच्या मागल्या खोलीत गेल्या. गुडघ्यांमुळे जिना उतरणे हळूहळू बंद झाले. तुळस खालीच राहिली. मंगळवारच्या भजनाच्या बायका दोन जिने चढून येईनात. आम्ही भेटायला गेलो की त्या विषयच काढीत नसत, उलट पुतण्याची स्तुती करीत. दुसरीकडे इतर दोघे चुलतभाऊ आमच्यावर रुष्ट झाले. आमच्यासारख्या जाणत्याने एकालाच झुकते माप दिले, असा त्यांचा समज झाला आणि त्यांच्या घरच्या लग्नपत्रिका आमच्याकडे येणे थांबले. 2017 मध्ये काकू गेल्या. तेराव्याला तिघे भाऊ एका पंगतीला बसले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. त्या रात्री आम्ही ‘बूढ़ी काकी’ पुन्हा वाचली आणि प्रथमच तिच्यात स्वतःला शोधले. बुद्धिराम आम्ही नव्हतो, रूपाही नव्हतो. ज्या पंगतीला म्हातारी खोलीत पडून होती, त्या पंगतीत निवांत जेवणाऱ्या पाहुण्यांपैकी आम्ही होतो.

नोंदणीच्या वेळी अधिकारी देणाऱ्याला विचारतो : हा दस्त तुम्ही करून दिला, हे मान्य आहे का? कायद्याने त्याला याहून फारसे विचारता येत नाही. उद्या तुम्ही कोठे बसाल, काय खाल, हे विचारण्याचा त्याला अधिकार नाही. तो प्रश्न घरात विचारायचा असतो. साहित्य तो आपल्या वतीने विचारत आले आहे, आणि आपण मात्र त्याचे उत्तर ‘मुले कृतघ्न’ या दोन शब्दांत देऊन मोकळे होतो. त्याने आपल्याला रडता येते आणि स्वतःच्या घराचा विषय टाळता येतो.

आपल्या जुन्या घरांपैकी अनेकांत आज एकटी माणसे आहेत. मुले पुण्यात, बंगळूरला, परदेशी आहेत. ज्यांनी सांभाळ केला तो पुतण्या किंवा भाचा जवळ आहे. त्याला द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि योग्यही. आमचे म्हणणे एवढेच, की देताना सर्व संबंधितांना एकत्र बसवून, ज्याला द्यायचे त्याच्यासमक्ष आपल्या पाटाचे कलम मोठ्याने वाचावे. ज्याला ते ऐकून वाईट वाटेल, त्याला थोडे वाईट वाटू द्यावे. काकूंच्या वेळी आम्ही तो संकोच जिंकू शकलो नाही. पुढच्या वेळी मंडळात ‘नटसम्राट’ वाचले जाईल, तेव्हा त्याच्या पाठोपाठ ‘वाडा चिरेबंदी’ही वाचावे, अशी आमची सूचना आहे. त्यानंतरच्या चर्चेत निकाल नाही निघाला तरी चालेल.